कुठलं आमिष, ते लिहीत नाहीत

अण्णा, मागच्या रविवारी तुमची नात बर्लिनहून आली होती. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता माझ्यापेक्षा बोटभर उंच आहे आणि माझ्याशी बोलताना जरा वाकून, सावकाश बोलते, जसा काही मी बहिरा झालो आहे. मला ऐकू उत्तम येतं. एप्रिलमध्ये मेंदूत रक्ताची एक बारीकशी गुठळी अडकली, तिच्यापायी डाव्या हाताची तीन बोटं गेली. म्हणजे आहेत जागच्या जागी, कामाला येत नाहीत, एवढंच. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे या घरात मी एकटा, आणि एकट्या माणसाची तीन बोटं गेली की सगळ्यांना त्याची दहाच्या दहा गेल्यासारखी काळजी वाटू लागते. जेवण झाल्यावर तिने टेबलावर एक पत्रक ठेवलं. बर्लिनमध्ये तिच्या घरापासून चार स्टेशनांवर म्हाताऱ्यांसाठी बांधलेली घरं आहेत, खाली नर्स असते, लिफ्ट आहे, बाथरूममध्ये धरायला दांड्या आहेत. मी पत्रक न वाचता मिठाच्या डबीखाली सरकवलं. तेव्हा ती म्हणाली की तिथून दहा मिनिटांवर एक मोठा तलाव आहे, त्यात बार्श मासे आहेत, तिने चौकशी केली आहे. आणि मग म्हणाली, "येडन झोनटाग, पापा. इश कॉम मिट." दर रविवारी, पापा. मी येईन बरोबर.

हे वाक्य मी ओळखतो, अण्णा. ते माझंच आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मी ते तुम्हाला मराठीत म्हटलं होतं, उजनीच्या पाण्यासमोर उभं राहून, आणि त्या वाक्याने तुम्हाला पाण्यावरून उचलून पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं होतं. ते पुढे खोटं ठरलं असं नाही. म्हणतानाच खोटं होतं. तुम्हाला ते कळलं होतं का, एवढंच मला विचारायचं आहे. मासा पाणी कधी पितो ते कुणाला कळलंय, असं तुम्हीच म्हणायचात, म्हणून इतकी वर्षं मी ते विचारायचं टाळत आलो. आठवडा झाला, आता टळत नाही.

तुम्ही मला शिकवलंत त्यातलं खरोखर लक्षात राहिलेलं म्हणजे आमिष कसं निवडायचं ते. तुम्ही धरणाच्या दरवाज्यांवर काम करायचात, ग्रीसचा वास तुमच्या बोटांना कायमचा चिकटलेला, आणि रविवारी सकाळी तो वास घालवण्यासाठी तुम्ही राखेने हात घासत बसायचात. आईला वाटायचं पूजेला बसणार. तुम्ही निघालेले असायचात माशांकडे. माशाला ग्रीस चालत नाही, म्हणायचात, बायकोला चालतं. मग स्वयंपाकघरात यायचं, आई परातीत कणीक मळत असायची, तिच्या हाताखालून पेरूएवढा गोळा तोडून घ्यायचा, त्यात हळद, चिमूटभर हिंग आणि रात्रभर भिजवलेली शेंगदाण्याची पेंड घालून पुन्हा मळायचा. आई रागाने म्हणायची, "माशांना कणीक, अन् पोरांना काय कोंडा घालू?" तुम्ही म्हणायचात, "संध्याकाळी कणकीचं कालवण करून आणतो की." आणि बहुतेक वेळा आणायचात. चिलापीचं कालवण आणि भाकरी, आईचा राग दोन घासांत उतरायचा. मला आजही ते स्वयंपाकघर दिसतं: मोरीजवळ ओलं पोतेरं, खिडकीत तुमचा गळांचा पत्र्याचा डबा, आणि तुम्ही गोळा नाकाशी धरून हुंगता आहात, आचाऱ्याने आमटी हुंगावी तसा.

पाण्यावर गेल्यावर मात्र तुम्ही डबा लगेच उघडत नव्हतात. मी घाई करायचो आणि तुम्ही काठावर उकिडवे बसून नुसतं बघत राहायचात. "आधी पाणी बघ. पाणी निवळ हाय का गढूळ हाय, गार हाय का तापलंय. मग मासा. मग गळ. आमिष सगळ्यात शेवटी." पाणी स्वच्छ असेल तर गोळी लहान, फिकट, हळदसुद्धा कमी, कारण माशाला सगळं दिसतं आणि जे सगळं दिसतं त्याचा संशय येतो. वरून पूर येऊन गेला आणि पाणी चहासारखं झालं की हिंग दुप्पट, नाहीतर सरळ गांडूळ, कारण आता मासा नाकाने चालतो. थंडीत मासा आळशी, त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं आणि हलवायचं नाही. मी एकदा, असेन नऊ-दहा वर्षांचा, आईने दिलेल्या लाडवाचा तुकडा गळाला लावला होता. तुम्ही पोट धरून हसलात. म्हणालात, "तुला काय आवडतं ते तुझ्या ताटात. गळाला माशाच्या आवडीचं." दुपारी सावलीत तुम्ही पेपर वाचायचात आणि त्यात हमखास एखादी बातमी असायची, नोकरीचे आमिष दाखवून फसवणूक, लग्नाचे आमिष दाखवून फसवणूक. तुम्ही चष्मा काढून त्या पेपरवर खरोखर चिडायचात. "कुठलं आमिष, ते लिहीत न्हाईत. पगार सांगितला का बंगला सांगितला? शिकण्यासारखं तेवढंच असतंय, अन् तेवढंच गाळत्यात."

मारलंत मला एकदाच. कणीक संपली होती, तुम्ही लघवीला गेला होतात, आणि मी तुमच्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गळाला गुंडाळून पाण्यात टाकला आणि उगाच हलवत बसलो. काही मिनिटांत मासा लागला, चांगला पाव किलोचा असेल. मी ओरडत तुमच्याकडे पळत आलो. मला वाटलं तुम्ही उचलून घ्याल. तुम्ही माशाच्या तोंडातून गळ काढलात, तो कागद बोटांत चोळून बघितलात, आणि माझ्या कानाखाली वाजवलीत. "खायला काय न्हाई अन् बोलावतोस?" मला कळेना. मासा तर मरणारच होता, कणकेने मेला काय आणि कागदाने मेला काय. तुम्ही तो परत पाण्यात सोडलात आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. धरणाच्या कॉलनीच्या फाटकाशी आल्यावर म्हणालात, "मरणाऱ्याच्या तोंडात घास तरी असू दे. नुसतं चकाकतं दाखवून न्हाई बोलवायचं कुणाला." त्या दिवशी कालवण झालं नाही, आईने पिठलं केलं. मी रुसून ते खाल्लं नाही.

आता मी तुम्हाला कसं बोलावलं ते लिहितो. आई गेली, तुम्ही रिटायर झालात, क्वार्टर सोडावं लागलं, आणि पुण्याला येण्याऐवजी तुम्ही पाण्याकाठच्या गावात पत्र्याची एक खोली घेतलीत. साखर वाढली होती, उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम चार महिने भरत नव्हती, गावातला कंपाउंडर रोज पट्टी बदलत होता आणि रोज तीच पट्टी वाटत होती. मी दोन दिवसांची सुट्टी टाकून आलो. पहिल्या दिवशी मी माझ्या आवडीची आमिषं लावली. मोठं हॉस्पिटल, गॅस, टीव्ही, चोवीस तास पाणी. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मला हितं काय कमी हाय?" मग नात लावून बघितली. तुमचे डोळे थोडे हलले, पण तुम्ही म्हणालात, "तिला घेऊन ये की सुट्टीत." दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काठावर उभे होतो. तेव्हा मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे केलं. मी पाणी बघितलं. आणि म्हटलं, "घरापासून पंधरा किलोमीटरवर खडकवासला आहे, अण्णा. दर रविवारी. मी नेईन." तुम्ही बराच वेळ पाण्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "चिलापी हाय का तिथं?" मी म्हटलं, भरपूर. मला काडीचीही माहिती नव्हती. तुम्ही खोलीत गेलात आणि गळांचा डबा पुसायला घेतलात.

तेव्हा माझ्या बॅगेत म्युनिकच्या कंपनीचं पत्र होतं. मी त्यावर सही करून आठ दिवस झाले होते. मी आधी एकटा जाणार होतो, तुमची सून आणि नात मागे राहणार होत्या, आणि मला घरात एक मोठं माणूस हवं होतं. शिवाय बाप उजनीला पत्र्याच्या खोलीत आणि पोरगा जर्मनीत, हे नातेवाईक कसं बोलतील याची मला भीती होती. तुमच्या पायाची काळजी होती, ती खोटी नव्हती. पण पायाची काळजी एकटी असती तर मी दहादा येऊन तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही, तुमच्या सुनेलाही नाही.

तुम्ही आल्यापासून मी निघेपर्यंत अकरा रविवार होते. पहिल्या रविवारी घरी पाहुणे. दुसऱ्या रविवारी ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज. तिसऱ्या रविवारी मी झोपून राहिलो, उठलो तर साडेअकरा. दर शनिवारी रात्री तुम्ही वाटीत पेंड भिजवायचात आणि दर रविवारी दुपारी ती बाल्कनीच्या कठड्यावर साळुंक्यांना घालायचात. लिफ्ट नव्हती आणि तुमचा पाय असा की तीन जिने उतरणं म्हणजे कुणीतरी धरल्याशिवाय नाही. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी नक्की." तुम्ही म्हणायचात, "असू दे. कामं असत्यात." चौथ्या आठवड्यात मी जर्मनीचं सांगितलं. जेवायला बसलो होतो. मला वाटलं आता तुम्ही ताटावरून उठाल. तुम्ही भाताचा घास संपवलात आणि म्हणालात, "जर्मनी. तिथं पाणी असंल मोप." एवढंच. मी विमानात बसल्यावर पाच महिन्यांनी तुम्ही गेलात, दुपारी, हृदय बंद पडून, शेजाऱ्यांनी तुम्हाला जिन्यावरून खाली नेलं. मी दोन दिवसांनी पोहोचलो. खडकवासल्याचं पाणी तुम्ही बसच्या खिडकीतूनही पाहिलं नाहीत.

त्यानंतर किती वर्षांनी ते आठवत नाही, पण म्युनिकच्या पहिल्या घरात, स्वयंपाकघरात, तुमची सून कोबी चिरता चिरता म्हणाली, "तुला माहीत आहे का, तू इकडे आल्यावरही अण्णा दर शनिवारी पेंड भिजवायचे." मी म्हटलं, कशाला? कोण नेणार होतं? ती म्हणाली, "मी विचारलं होतं. नुसते हसले. सकाळी साळुंक्यांना घातली." कोबी चिरून झाला, तिने फोडणी टाकली, आणि मी तिथून उठून बाथरूममध्ये जाऊन बसलो. याचे दोनच अर्थ मला लागायचे. एक, तुम्ही मी जर्मनीत गेल्यावरसुद्धा वाट बघत होतात, म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नव्हतं. दुसरा, तुम्हाला सगळं कळलं होतं आणि ती वाटी तुम्ही माझ्यासाठी मांडत होतात, मी नसलो तरी, शिक्षा म्हणून. दोन्हींपैकी कुठला बरा हे मी आजवर ठरवू शकलो नाही.

तुमची सून गेली तेव्हा मी शहर सोडून इथे आलो, एस-बान, म्हणजे म्युनिकची लोकल, जिथे संपते त्या गावात, अमरझे नावाच्या मोठ्या तलावाकाठी. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, पाणी मोप आहे. पण इथे गळ टाकायला परीक्षा द्यावी लागते, अण्णा. हसा. पूर्ण कोर्स, मग पेपर, मग शाइन, म्हणजे फोटो लावलेला परवाना. बारा वर्षांची पोरं आणि मी, एका बाकावर. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला आमिष म्हणतो त्याला यांच्याकडे दोन शब्द आहेत. नाटुअरक्योडर म्हणजे खरं खाणं, गांडूळ, अळी, मेलेला मासा. आणि कुन्स्टक्योडर. कुन्स्ट म्हणजे कला, एवढं मला येत होतं, म्हणून मी वहीत लिहिलं, कलेचं आमिष, आणि मोठ्या कौतुकाने शेजारच्या पोराला विचारलं की यात कला कुठली. तो म्हणाला, कला नाही, प्लास्टिक. कुन्स्ट म्हणजे नकली. रबराचे मासे, पत्र्याच्या फिरत्या चकत्या, पिसं. खायला काही नाही, नुसतं चकाकणारं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला आणि मी तो बरोबर सोडवला.

पहिल्या दिवशी तरी मी तुमचंच ऐकलं. घरी कणीक मळली, हळद, हिंग, शेंगदाण्याचं कूट, आणि डबा घेऊन धक्क्यावर जाऊन बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत दोरी हलली नाही. शेजारी एक म्हातारा बव्हेरियन बसला होता, त्याचे तीन बार्श झाले होते. तो नाक उडवत उठला, माझ्या डब्यात डोकावला आणि म्हणाला, "डेअ बार्श इस कोआ वेगेटारियर." बार्श शाकाहारी नसतो. बार्श म्हणजे इथला पंज्याएवढा मासा, अंगावर हिरवे-काळे पट्टे, पाठीवर काटे. दिसायला आपल्या चिलापीचा चुलतभाऊ, पण खातो दुसऱ्यांची पिल्लं. मी पाणी बघितलं होतं आणि मासा बघायचा विसरलो होतो, किंवा उजनीचाच मासा इथे बघत बसलो होतो. म्हाताऱ्याने मला एक रबराचा मासा दिला, करंगळीएवढा. चौथ्या फेकीला बार्श लागला. इथला कायदा असा की खायचा नसेल तर पकडायचा नाही, मजेसाठी पकडून सोडणं म्हणजे छळ. मापात बसणारा मासा परत पाण्यात टाकता येत नाही. मी त्याच्या डोक्यावर लाकडाचा दांडका मारला, तिथल्या तिथे, शिकवलं होतं तसा. तोंड उघडून बघितलं तर आत रबर. तुमची थप्पड मला त्या दिवशी पुन्हा बसली.

तरी मी तेच करत आलो आहे. या पाण्यात नकलीच चालतं, आणि त्यातही निवड आहे, ती तुमच्याच पद्धतीची. अमरझे निवळ असतो तेव्हा पारदर्शक, राखाडी रबर, दोरा केसाएवढा. उन्हाळ्यात बार्श वर येऊन पिल्लांच्या थव्यावर तुटून पडतात, तेव्हा चकती, जलद. ऑक्टोबरनंतर ते खोल उतरतात, मग शिसं जड, रबर लहान, आणि तळाशी जवळजवळ न हलवता धरून ठेवायचं. भुकेलाच मासा लागतो असंही नाही. कधी नुसता राग येतो म्हणून लागतो, कधी शेजारचा गेला म्हणून. हे तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. आपण त्यावर दुपारभर वाद घातला असता आणि तुम्ही रबराला शिव्या घातल्या असत्यात.

काल शनिवारी मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. माझं काहीही ठरलं नव्हतं. दुकानदार ओळखीचा, माझ्याहून म्हातारा, त्याने नेहमीचा राखाडी डबा काढला. मी म्हटलं, या तलावासाठी नको. बर्लिनच्या बाजूचा मोठा तलाव आहे, तिथल्यासाठी दाखवा. त्याने पहिला प्रश्न विचारला तो तुमचाच. "क्लार ओडर ट्र्यूब?" निवळ की गढूळ? मी घरी इंटरनेटवर बघून आलो होतो. उथळ, गढूळ, उन्हाळ्यात शेवाळाने हिरवा. मग तो भिंतीशी गेला आणि भडक रंग काढत बसला, पोपटी, नारिंगी पोटाचे, ज्यांची शेपटी पाण्यात थडथडते असे. गढूळ पाण्यात माशाला दिसत नाही, म्हणाला, त्याला अंगावर जाणवलं पाहिजे. मी एकेक हातात घेऊन, शेपटी हलवून, वजन बघून पाऊण तास निवड केली. लहान घेतले, माझ्या हाताला झेपतील असे. गाठ मारता येत नाही म्हणून त्याने प्रत्येक दोऱ्याला एक बारीक क्लिप अडकवून दिली. आणि त्या सगळ्या पाऊण तासात मला नक्की माहीत होतं की ती दर रविवारी येणार नाही. तिचं ऑफिस मला माहीत आहे. तिचे रविवार मला माहीत आहेत, माझे असेच होते. माझी फसवणूक वगैरे काही होत नव्हती. तरी मी निवड करत होतो, आणि सांगायला लाज वाटते, मजेत होतो. एप्रिलपासून इतका वेळ मी कशातच रमलो नव्हतो. दुकानाबाहेर येऊन बाकावर बसलो तेव्हा तुमची पेंडेची वाटी आठवली, आणि पहिल्यांदाच वाटलं की तिचा माझ्याशी काही संबंध नसेलही. तुम्हाला पेंड भिजवायची होती, म्हणून तुम्ही ती भिजवत होतात. तुम्हाला सगळं कळलेलं असूनही.

मला हे समाधान म्हणून ठेवून घेता आलं असतं. पण आज दुपारी तिचा फोन आला. "उन्ड, पापा? ठरलं?" उन्ड म्हणजे मग. 'ठरलं' एवढा एक शब्द ती मराठीत म्हणाली. मी म्हटलं, हो, येतो. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग एकदम भराभर, नर्स, लिफ्ट, सामानाची गाडी, आनमेल्डुंग म्हणजे नव्या पत्त्याची नोंदणी, सगळी यादी. मी ऐकत होतो. यादी संपली आणि मी मराठीत विचारलं, "आपण पहिल्यांदा तलावावर जायचं ते कुठल्या रविवारी?" मग बोटं काचेवर आपटल्याचा आवाज, ती कॅलेंडर बघत असावी. पुढच्या महिन्यात त्यांचं रिलीज आहे. त्यानंतर मैत्रिणीचं लग्न, हाम्बुर्गला. मग म्हणाली, "इश शाउ माल, पापा." बघते, पापा. तिचा आवाज लहानपणी तिच्या हातून काचेचं भांडं फुटल्यावर व्हायचा तसा झाला होता. मी म्हटलं, सावकाश बघ, घाई नाही.

हे पत्र मी टेबलावरच ठेवणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून लपवायची गरज नाही, आणि तुम्हाला पाठवायला जागा नाही. अण्णा, त्या अकरा आठवड्यांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, कुठल्या रविवारी. मी धरून चाललो होतो की तुमचा माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाहीत. तसं नव्हतं. विचारलं असतंत तर मला तुमच्या तोंडावर आणखी एक खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. हे मला कळलं ते फोन ठेवल्यावर, विचारून झाल्यावर. आणि ती अडखळली त्याचं मला वाईट वाटलं, पण ते नंतर. आधी बरं वाटलं, मासा लागल्यावर वाटतं तसं.